सिकलसेल आणि आम्ही दोघे भाऊ

स्मरणिका समितीच्या पत्रात 'शाळेने मला काय दिले' या विषयावर लिहावे अशी सूचना होती. आपल्या शाळेने अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर आणि कार्यकर्ते घडविले. ते या पानांतून आपापल्या वाटचालीविषयी लिहितीलच. आम्ही दोघे भाऊ साधी नोकरी करून संसार चालविणारे. आमच्याजवळ सांगण्याजोगी गोष्ट एकच आहे. सिकलसेल हा आजार जन्मापासून आमच्या रक्तात आहे आणि त्याच्यासह जगणे आम्ही या वसतिगृहात शिकलो. लेख दोघांनी एकत्र बसून लिहिला आहे. त्यामुळे यातील 'आम्ही' आदरार्थी नाही, ते खरोखरीचे अनेकवचन आहे.

जिंतूर तालुक्यातील आमच्या गावात या दुखण्याला नाव नव्हते. थोरला दीड वर्षाचा असताना त्याच्या हातापायांची बोटे सुजली. तो पाय टेकेना. पुढे डोळे पिवळे दिसू लागले, तेव्हा कावीळ समजून गळ्यात काविळीची माळ घातली गेली. सांधे दुखू लागले तेव्हा कोणी वात म्हणाले, तर कोणी अंगात रक्त कमी आहे म्हणून लोहाची बाटली दिली. धाकट्याच्या बाबतीत हेच सारे पुन्हा घडले. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या मावशीने आईला सांगितले, की तिच्या गावातील एका मुलाला हुबेहूब असेच होते आणि त्याच्या रक्ताची तपासणी नागपूरला झाली आहे. वडिलांनी ज्वारीचे चार पोते विकले आणि १९९८ च्या हिवाळ्यात आम्हा दोघांना एस.टी.ने नागपूरला नेले. तेथे इलेक्ट्रोफोरेसिस नावाची तपासणी झाली. कागदावर दोघांच्या नावापुढे 'एसएस', आईवडिलांच्या नावापुढे 'एएस' आणि लहान बहिणीच्या नावापुढेही 'एएस' असे लिहून आले. त्या दोन अक्षरांचा अर्थ समजण्यास आम्हांला पुढे काही वर्षे लागली.

तो अर्थ येथे थोडक्यात सांगतो. रक्तातील तांबडी पेशी गोल आणि लवचीक असते. केसाहून बारीक वाहिनीतूनही ती अंग मुडपून निघून जाते. आमच्या पेशीतील हिमोग्लोबिन प्राणवायू कमी पडला की एकमेकांना चिकटून लांब काड्यांसारखे होते, आणि पेशी ताठ होऊन विळ्याचा आकार घेते. सिकल म्हणजे विळा. अशा पेशी बारीक वाहिनीत अडकतात. त्यापुढील भागाला रक्त मिळत नाही आणि तेथे असह्य वेदना सुरू होतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, आमची दहा ते वीस दिवसांत मोडते. म्हणून रक्त कायम कमी आणि डोळे कायम पिवळसर. सातवीत आमच्या विज्ञानाच्या गुरुजींनी हे पुस्तकाविना समजावून दिले होते. त्यांनी काचेच्या बाटलीत गोट्या भरून ती उलटी केली. गोट्या खळाखळा बाहेर आल्या. मग वाळलेल्या वाकड्या चिंचा भरल्या. दोन चिंचा पडल्या आणि बाकीच्या गळ्याशीच अडकल्या. वर्गातील साठ मुलांना आमचा आजार त्या एका तासात कळला. आम्हांलाही तो त्याच तासाला कळला.

थोरला १९९९ च्या जूनमध्ये पाचवीत दाखल झाला, धाकटा त्यानंतर दोन वर्षांनी. मुलांना घरापासून दूर ठेवण्यास आईचा विरोध होता आणि तो रास्त होता. या दुखण्याला थंडी, तहान, ताप आणि अतिश्रम या चार गोष्टी चालत नाहीत. आणि परभणीत त्यांची वाण नाही. येथील थंडी साऱ्या मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. कृषी विद्यापीठात नोंदविलेल्या किमान तापमानाची बातमी दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपुढे जातो आणि पाणी टँकरने येते. वसतिगृहाचा दिवस पहाटे पाचच्या घंटेने सुरू होत असे. हौदावर गार पाण्याची आंघोळ, वंदना, मग कवायत. वडिलांनी नागपूरच्या डॉक्टरांचा कागद गृहपालांच्या हाती दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि एवढेच विचारले, "रात्री कोणत्या वेळी पाणी द्यायचे?"

त्या दिवसापासून काही साध्या व्यवस्था झाल्या. आम्हांला पहाटे बंबातील ऊन पाण्याची एक बादली मिळू लागली. वर्गात पाण्याची बाटली बाकावर ठेवण्याची आणि लघवीसाठी न विचारता बाहेर जाण्याची मुभा मिळाली. कवायतीऐवजी आम्ही ग्रंथालयातील पुस्तके लावत असू. हिवाळ्यात प्रत्येकी एक वाकळ जास्त मिळे. ताप आला तर सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखान्यात न्यायचे, असे गृहपालांनी फळ्यावर लिहून ठेवले होते. या आजारात प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे साधा संसर्गही जिवावर बेततो. ती फळ्यावरची ओळ आमच्या आयुष्याची दोरी होती, हे आज समजते.

एक गोष्ट लिहावी की नाही, यावर आम्हा दोघांत बराच विचार झाला. लिहावी असे ठरले, कारण आजही कुठल्यातरी वसतिगृहात एखादे मूल त्यापायी तोंड लपवीत असेल. या आजारात मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. पाणी भरपूर प्यावे लागते आणि ते तितकेच बाहेर पडते. परिणामी आमचे अंथरूण मोठ्या वयापर्यंत ओले होत असे. चाळीस मुलांच्या खोलीत याहून मोठी लाज नाही. पहिल्याच आठवड्यात मुलांनी नावे ठेवण्यास सुरुवात केली. स्वयंपाकघरातील मावशींनी हे ऐकले. दुसऱ्या दिवशी पहाटे, घंटा होण्यापूर्वी, त्या स्वतः आल्या, गोधडी उचलली आणि धुऊन भट्टीमागच्या तारेवर वाळत टाकली. पुढे हे रोजचे झाले. काही दिवसांनी एका रात्री दोन वाजता आम्हांला हलवून उठविणारा हात आमच्याच खोलीतील एका मोठ्या मुलाचा होता. गृहपालांनी त्याच्याकडे गजराचे घड्याळ दिले होते. नावे ठेवणाऱ्यांत तोच पुढे असे.

त्या वर्षी वर्षावासात भन्तेजींनी विनयपिटकाच्या महावग्गातील रुग्ण भिक्खूची कथा सांगितली. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला भगवंतांना दिसला. त्याने इतरांची कधी सेवा केली नव्हती, म्हणून त्याचीही कोणी करीत नव्हते. भगवंतांनी आनंदाकरवी पाणी आणविले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. मग संघाला एकत्र बोलावून सांगितले, की येथे तुमचे मायबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही, तर ती कोण करील? आणि जो आजाऱ्याची सेवा करतो तो माझीच सेवा करतो, असा त्या उपदेशाचा आशय. कथा संपल्यावर सभागृहात कोणी आमच्याकडे वळून पाहिले नाही. तेवढ्यावरून आम्हांला कळले, की मुलांना ती समजली आहे. मायबाप जवळ नसलेल्या मुलांचे घर म्हणजे वसतिगृह. म्हणून त्या कथेचा नेमका पत्ता विहाराइतकाच वसतिगृहाचाही आहे, असे आम्हांला वाटते.

आता वेदनेविषयी. ती सांगून येत नाही. संध्याकाळी जेवताना मांडीत बारीक कळ येते आणि मध्यरात्रीपर्यंत हाडावर कोणी घण घालीत असल्यासारखे होते. बाहेरून काहीच दिसत नाही; सूज नाही, जखम नाही. म्हणून पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. पुढे नोकरीनिमित्त बाहेरगावी असताना एका दवाखान्यात धाकट्याला 'इंजेक्शनची सवय लागली आहे' असे सर्वांदेखत ऐकवून परत पाठविण्यात आले. त्याच्या उजव्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा वारंवार तुटल्याने आज तो काठी घेऊन चालतो. हे दुःख खोटे ठरविले जाणे त्याला दुखण्याहून अधिक लागले.

संयुत्तनिकायातील दोन बाणांचा उपदेश आम्ही शाळेत ऐकला होता. शरीराची वेदना हा पहिला बाण. त्यावर माणूस जो शोक, भय आणि चडफडाट करतो तो दुसरा. सुज्ञाला पहिला लागतो, पण दुसरा तो लावून घेत नाही. लहानपणी हा उपदेश आम्हांला धीराच्या पाठासारखा वाटे. अनुभवाने त्यात एक भर घालावीशी वाटते. दुसरा बाण अनेकदा आपण स्वतः मारून घेत नाही. तो भोवतालचे लोक मारतात. 'नाटक करतो', 'घराण्यात खोट आहे', 'मागच्या जन्मीचे भोग' हे सारे दुसरेच बाण. पहिल्यावर औषध डॉक्टरांकडे आहे. दुसरा मात्र समाजाने भात्यातच ठेवायचा आहे.

मागच्या जन्मीच्या पापाची गोष्ट आमच्या आईला गावात अनेकींनी ऐकविली. दोन्ही मुलगे आजारी, तेव्हा पाप मोठेच असणार, असा हिशेब. आठवीत असताना आम्ही ग्रंथालयात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचावयास घेतला. कर्मसिद्धान्ताच्या चर्चेत बाबासाहेबांनी आनुवंशिकतेचा प्रश्न घेतल्याचे पाहून आम्ही थक्क झालो. विज्ञानानुसार मूल आईवडिलांचे गुणधर्म घेते. मग गतजन्मीच्या कर्माने सारे ठरते असे मानणारी कल्पना विज्ञानाशी कशी जुळणार, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. मधुमेहाने आणि इतर व्याधींनी शरीर खचत असताना त्यांनी हा ग्रंथ पूर्ण केला. तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या सुट्टीत आम्ही तो भाग आईला वाचून दाखविला. ती काही बोलली नाही. मात्र त्यानंतर पापाची गोष्ट काढणाऱ्या बाईला ती 'एएस'चा कागद पेटीतून काढून दाखवू लागली.

तारखांचा एक योग येथे नोंदवावासा वाटतो. १९५६ च्या ऑक्टोबर महिन्यात नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्याच महिन्यात केंब्रिजमधील व्हर्नन इन्ग्रॅम या संशोधकाने 'नेचर' नियतकालिकात दाखविले, की सिकलसेल रुग्णाच्या हिमोग्लोबिनचा एकच लहानसा तुकडा वेगळा असतो. आणि पुढील वर्षी त्याने सिद्ध केले, की तेथे ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आलेले असते. एवढाच फरक. एकीकडे जन्माने माणूस हीन ठरत नाही हे लाखोंनी जाहीरपणे उच्चारले. दुसरीकडे, ज्याला लोक पाप म्हणत आले त्याचे कारण प्रयोगशाळेत सापडले.

हा आजार अमुक एका जातीचा, असेही कानावर येते. तेही खरे नव्हे. भारतात तो प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरात आढळला. मध्य भारतातील त्याची नोंद नागपूरच्या संशोधकांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये केली. विदर्भात बौद्ध, गोंड, माडिया, तसेच कुणबी आणि तेली समाजातही तो आहे. खानदेशात भिल्ल आणि पावरा समाजात आहे. आफ्रिकेत, अरबस्तानात आणि भूमध्य समुद्राच्या काठीही आहे. जेथे हिवतापाचा जोर पिढ्यान्‌पिढ्या होता तेथे तो टिकला, कारण 'एएस' म्हणजे वाहक असलेल्या मुलाला जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. आमच्या पूर्वजांपैकी कित्येक जण याच गुणधर्मामुळे जगले असतील. ज्याने पूर्वजांना तारले तेच दोन्ही बाजूंनी एकत्र आले तेव्हा आम्हांला भोगावे लागले. यात कोणाचा दोष शोधणार?

दोष नाही, परंतु हिशेब आहे, आणि तो प्रत्येक घराला ठाऊक असला पाहिजे. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. एक मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटतील, असे होत नाही. प्रत्येक वेळी डाव नव्याने पडतो. दोघांपैकी एकच वाहक असेल, तर एकही मूल आजारी होत नाही. वाहक स्वतः सामान्यतः निरोगी असतो आणि आयुष्यभर त्याला पत्ताही लागत नाही.

हा हिशेब समाजाला ठाऊक नसल्याची किंमत आमच्या बहिणीने दिली. ती वाहक, अंगाने धडधाकट, शिकलेली. एका ठिकाणी सर्व ठरले होते. आमच्या आजाराची गोष्ट मुलाकडील मंडळींच्या कानी गेली आणि मुलाची तपासणी न करताच निरोप आला, की रक्तात दोष असलेली मुलगी नको. नातेवाइकांनी सल्ला दिला, की पुढच्या स्थळाला काही सांगू नका. बहिणीने तो मानला नाही. पुढचे स्थळ आले तेव्हा तिनेच चहाचा कप ठेवता ठेवता सांगितले, "माझी तपासणी झाली आहे, मी वाहक आहे. तुमची करून घ्या, मग बोलू." त्या मुलाने परभणीला जाऊन रक्त दिले. तो वाहक नव्हता. बौद्ध पद्धतीने साधा मंगलपरिणय झाला. आज तिची दोन्ही मुले शाळेत धावण्याच्या शर्यतीत भाग घेतात. पत्रिका जुळविणे आपण धम्मदीक्षेबरोबर सोडले. तिच्या जागी हा एक कागद मागण्यास संकोच का वाटावा?

काळ बदलला आहे, हेही सांगितले पाहिजे. आमच्या लहानपणी फॉलिक ॲसिडची गोळी, पाणी आणि वेदनाशामक एवढेच उपचार होते. आज हायड्रॉक्सियुरिया हे औषध मिळते. ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढविते, त्यामुळे पेशी विळ्यासारखी होण्याचे कमी होते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि वेळोवेळी रक्त तपासून ते घ्यावे लागते. आम्ही दोघेही ते घेतो. पूर्वी वर्षातून सहासात वेळा होणारे दवाखान्याचे मुक्काम आता एकदोनवर आले आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांना दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. परंतु शासन जागे होण्याआधी माणसे जागी झाली होती. नागपूरचे संपत रामटेके यांनी घरातच या आजाराचा अनुभव आल्यावर रुग्णांची संघटना उभारली आणि हयातभर तिच्यासाठी फिरले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका बापाचे दुःख हजारो घरांच्या कामी आले.

आम्हांला आजवर अनेकदा रक्त चढविले गेले. थॅलेसेमियाच्या मुलांना तर ते दर दोनचार आठवड्यांनी लागते. त्या पिशवीवर रक्तगट लिहिलेला असतो, तारीख लिहिलेली असते. देणाऱ्याचे नाव, गाव, जात लिहिलेली नसते. आमच्या अंगात आज किती जणांचे रक्त वाहून गेले, हे सांगता येणार नाही. १४ एप्रिलला आपले माजी विद्यार्थी रक्तदान शिबिर घेतात. ते ऐन उन्हाळ्यात, रक्तपेढ्यांत तुटवडा असताना होते, म्हणून त्याचे मोल मोठे आहे.

थोरल्याची पत्नी वाहक नाही. लग्नापूर्वीच तिची तपासणी झाली होती. त्यामुळे मूल आजारी होणार नाही, परंतु वाहक निश्चितच होईल, हे आधीच ठाऊक होते. मुलगी आता सहा वर्षांची आहे. तिच्या जन्मदाखल्यासोबत तिच्या रक्ताचा कागदही आम्ही जपून ठेवला आहे. आमच्या आईवडिलांना जे दोन मुलांच्या यातनांतून कळले, ते तिला वयात येतानाच, घरात, शांतपणे सांगितले जाईल. कारण असेल तर परिणाम होतो आणि कारण ओळखले तर तो थांबविता येतो, हा धम्माचा विचार आमच्या घरात असा उतरला आहे.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची नम्र विनंती आहे. मुलामुलींचे लग्न ठरविण्यापूर्वी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. शासकीय रुग्णालयात ती होते. वाहक आहे म्हणून कोणाचे लग्न मोडू नये. फक्त दोन वाहकांनी पुढील निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि डोळसपणे घ्यावा. संस्थेला विनंती, की प्रवेशाच्या वेळी प्रत्येक मुलाची ही तपासणी व्हावी, तिचा निकाल गुप्त राहावा, आणि ज्याला गरज आहे त्याला पाणी, ऊब आणि विश्रांती न मागता मिळावी. आमच्या वेळी हे एका गृहपालांच्या आणि एका मावशींच्या चांगुलपणावर चालले. चांगुलपणाचा आता नियम व्हावा. माणसे निवृत्त होतात, नियम राहतो.

मावशी आज हयात नाहीत. त्यांनी किती पहाटे आमच्या गोधड्या धुतल्या याची मोजदाद नाही, आणि शाळेच्या कोणत्याही अहवालात ती असणार नाही. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या या पानावर तेवढी नोंद व्हावी, अशी आमची इच्छा आहे. शाळेच्या पुढील वाटचालीस आमच्या मंगलकामना.

जय भीम! नमो बुद्धाय!